डाळीच्या डब्यात लपवलेला फोन

मित्रांनो, आकडे पुसट झालेला, बटणांचा एक जुना फोन तुमच्याशी बोलतो आहे. नाशिकच्या मेनरोडवरून शेखरने मला आपल्या आईसाठी, सुलाबाईंसाठी, घेतले. सुलाबाई पंचवटीत घरगुती पापड विकत. ऑर्डर माझ्यावरच येत, म्हणून त्या मला पदराने पुसत. केवढे लाड होते माझे!

पुढे त्यांनी पापडाचे मशीन हप्त्यावर घेतले. बँकेने त्यांच्या खात्याला ओव्हरड्राफ्ट जोडला. खात्यात पैसे कमी पडले तर बँक हप्ता भरणार, हे साहेबांनी हसून सांगितले. त्याबद्दल दर वेळी दंड कापणार, हे मात्र कागदावर बारीक अक्षरांत होते.

मग माझ्यावर इंग्रजी संदेश येऊ लागले. प्रत्येकाची सुरुवात ‘डिअर कस्टमर’ अशी. इतक्या गोड बोलण्यात मला लबाडीचा वास येत होता. सुलाबाईंना इंग्रजी येत नव्हते. खाते आटत चालले आणि त्यांचा संशय घरातच फिरला. एटीएम कार्ड सून उज्वलाकडे होते. तिच्या माहेरी, देवळ्याला, तिच्या भावाने नवी गाडी घेतली, तोही त्यांना पुरावाच वाटला. त्यांनी कार्ड काढून घेऊन कपाटात कुलपात ठेवले आणि उज्वलाचा हात लागू नये म्हणून मलाही लपवले. मी वाजलो की बाहेर, बोलणे संपले की तूरडाळीच्या डब्यात!

तरीही पैसे गेलेच.

“कपाटाची किल्ली कुठून मिळवलीस गं?” सुलाबाईंनी विचारले.

उज्वलाने पिशवी भरली. ती माहेरी निघणार, तोच मी डाळीत वाजलो. तिने मला बाहेर काढले, संदेश वाचला. मग मागचा, त्याच्याही मागचा.

“आई, बँक दंड कापतेय. दर महिन्याला.”

“मग आधी सांगितलं का नाय?”

“फोनला हात लावू दिलात कधी?”

दोघी बँकेत गेल्या. “सही तुमचीच आहे,” साहेब म्हणाले. गेलेले पैसे परत मिळाले नाहीत, अर्ज दिल्यावर ओव्हरड्राफ्ट तेवढा बंद झाला. परतताना रिक्षात सुलाबाई म्हणाल्या, “चुकलं माझं.” उज्वला रस्त्याकडे बघत राहिली.

मित्रांनो, माझे लाड करू नका. पण माझ्यावर आलेला संदेश कळला नाही तर कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि घरच्या माणसावर आळ घेण्याआधी त्याला समोर बसवून नीट विचारा. बँकेचा दंड एका अर्जाने थांबला. उज्वला माहेरी गेली नाही, पापडही लाटते. पण सासूला ती अजून ‘आई’ म्हणत नाही.