मुलुंडचा आडवा आठ

मी एक चौकोन बोलतोय. फार मोठा नाही, बोटभर रुंद. पवईला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस आहे. त्यांच्या दर महिन्याच्या रिपोर्टमध्ये, मुलुंड या नावापुढे मी राहतो. वर घाटकोपरचा चौकोन, खाली बोरिवलीचा. शेजार चांगला आहे.

मला रिपोर्ट बनवणाऱ्या संघमित्राने घडवलं. महिन्यात तक्रारी किती सुटल्या हे एक मोजमाप, किती आल्या हे दुसरं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं आणि जी टक्केवारी येईल ती माझ्यात ठेवायची. जे पदरात पडेल ते दाखवायचं, एवढंच माझं काम.

जूनच्या रिपोर्टला माझ्यात एक आडवा आठ येऊन पडला.

"हा आठ झोपलाय का गं?" केतनने विचारलं. तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो.

"अनंताचं चिन्ह आहे ते. भागाकार गंडलाय."

"कॉम्प्युटर बंद करून चालू कर."

केला. आठ तसाच. मग केतनने मला रुंद केलं.

"आता पाय पसरून झोपला," संघमित्रा म्हणाली.

शेवटी त्याने मला लाल रंग दिला. मला फार लाज वाटली. मी काहीच केलं नव्हतं हो.

दुपारी मोठे साहेब, सुबोध सर, रिपोर्ट बघणार होते. संघमित्रा जेवायला गेली तेवढ्यात केतनने युक्ती केली. भागाकार चुकला तर शून्य दाखव, असं मला शिकवलं. आठ गेला, गोल शून्य येऊन बसलं. मलाही वाटलं, बरा झालो.

सुबोध सरांनी नेमकं माझ्यावर बोट ठेवलं. "मुलुंड शून्य टक्के? हा राजाराम महिनाभर करतो काय? सोमवारपासून त्याला गोवंडीच्या गोडाऊनला बसवा. लिफ्टला हात लावू देऊ नका."

राजाराम हा मुलुंडचा मेकॅनिक. बावीस वर्षं तिथल्या लिफ्ट सांभाळतोय. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण माझ्या पोटातल्या शून्याने त्याचं काम जाणार होतं. ओरडून सांगावंसं वाटलं. चौकोनाला तोंड नसतं.

"सर, उद्यापर्यंत थांबा," संघमित्रा म्हणाली.

जागेवर येऊन तिने आधीच करायला हवं होतं ते केलं. माझी दोन्ही मोजमापं सुटी करून शेजारी मांडली. सुटलेल्या तक्रारी एकेचाळीस. आलेल्या, शून्य. शून्याने भागलं, म्हणून तो आडवा आठ.

"आल्याच नाहीत तर सुटल्या कशा?" केतन म्हणाला.

जूनपासून नवा नियम होता. आलेली तक्रार मेकॅनिकनेच मोबाइलवर नोंदवायची, काम झालं की तेही नोंदवायचं. संघमित्राने राजारामला फोन लावला.

"काका, एकही तक्रार नोंदवली नाहीत?"

"तक्रार कोण करतंय बाय? दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, राजाराम, लिफ्ट कण्हते रे. मी गेलो, तेल घातलं. त्यांनी मला चहा दिला. आता त्या माउलीच्या नावावर तक्रार लिवू? बरं दिसतं का ते?"

संघमित्राला हसू आवरेना. पण ती फोन धरून बसली आणि एकेक काम त्याच्याकडून लिहून घेतलं. प्रत्येक कामामागे कुणाचा तरी दुखरा गुडघा आणि कुणाचा तरी चहा होता.

"आजून दोन कामं रवलीत हां," शेवटी राजाराम म्हणाला. "ती पण लिव. उगाच खोटं नको."

त्रेचाळीस आल्या, एकेचाळीस सुटल्या. माझ्यात पंच्याण्णव टक्के येऊन बसले. सकाळी सुबोध सरांनी मला बराच वेळ पाहिलं. "गोवंडी राहू दे," म्हणाले, आणि खालच्या बोरिवलीकडे वळले.

केतनची युक्ती संघमित्राने काढून टाकली. भागायला खाली काही नसेल तर मला रिकामं ठेवते. म्हणून एखाद्या महिन्यात मी कोरा दिसलो तर मला नापास समजू नका. माझे दोन आकडे सुटे करून बघा, आणि कुणाची बदली करण्याआधी त्याला एक फोन करा. राजाराम लिफ्टच्या टपावर असला तर लगेच उचलत नाही. जरा थांबून पुन्हा लावा.