तक्रार न करणारा पेशंट

माझी बायको नर्सिंग कॉलेजात शिकवते. पेशंटला अंथरुणातच आंघोळ कशी घालायची, तो पलंगावर असतानाच खालची चादर कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला कुशीवर कसं वळवायचं, हे तिने मुलींच्या कितीतरी तुकड्यांना शिकवलं आहे. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आज मोठमोठ्या दवाखान्यांत हुकूम सोडतात. फक्त एक गोष्ट ती चारचौघांत बोलत नाही, आणि घरात शांतता हवी म्हणून मीही काढत नाही. खऱ्या वॉर्डात ती फार थोडे दिवस होती, तेही लग्नाआधी. त्यानंतर तिने ज्या पेशंटची सेवा केली तो एकच, आणि तो रबराचा आहे.

कॉलेजातल्या त्या पुतळ्याला मुली आबासाहेब म्हणतात. आबासाहेब पलंगावर छताकडे बघत पडलेले असतात. पाणी गरम असो की गार, ते ब्र काढत नाहीत. कुशीवर वळवून ठेवलं की पुढचा तास सुरू होईपर्यंत कुशीवरच राहतात. इतका गुणी पेशंट मिळाल्यावर कोणाचीही सवय बिघडेल.

अशात मी स्टुलावरून पडलो. पंख्याची पाती पुसत होतो. पुसा म्हणून बायकोने सांगितलं होतं. ती म्हणते, शिडी घ्या म्हणूनही सांगितलं होतं. हा वाद अजून मिटलेला नाही. कंबरेच्या हाडाला तडा गेला आणि डॉक्टरांनी फर्मावलं की ऑपरेशनची गरज नाही, पण हाड जुळेपर्यंत अंथरुणातून हलायचं नाही.

परगावची लेक धावत आली. तिच्या घराजवळ अशा पेशंटना सांभाळणारी एक संस्था आहे म्हणाली. बायकोचा पारा चढला.

"ह्यांना परकी माणसं आंघोळ घालणार? मग मी इतकी वर्षं काय माशा मारल्या?"

"तसं नाही गं आई. पण पाठीला जखम झाली तर ती महिनोन्महिने भरत नाही, हे तूच सांगतेस ना?"

"माझ्या हातून जखम होईल?"

"ठीक आहे. सांभाळ. पण तसं काही दिसलं तर मी गाडी घेऊन येईन आणि बाबांना घेऊन जाईन. मग रडारड करायची नाही."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणालो असतो, मला घरीच राहायचंय. घर म्हणजे तीच, पण असलं काही तोंडावर बोलायची आमच्यात पद्धत नाही.

लेक परत गेली आणि दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ झाली. कॉलेजातून रजा काढलेली बायको दोन घमेली, टॉवेलांची चळत आणि कॉलेजातला आवाज घेऊन आली.

"आता आपण पेशंटला सगळं समजावून सांगणार आहोत," ती भिंतीकडे बघून म्हणाली.

"कोणाला सांगतेस?"

"सवय आहे हो. आधी चेहरा. साबण लावायचा नाही. डोळा नाकाकडून कानाकडे पुसायचा. पाणी ठीक आहे ना?" आणि मी तोंड उघडेपर्यंत फडकं डोळ्यावर आलेलं होतं.

"अगं, गार आहे!"

"कोमट आहे. मी कोपराने बघितलंय."

"कोपर तुझं आहे. डोळा माझा आहे."

तिने एक हात उघडा केला, धुतला, पुसला, झाकला. मग दुसरा. तिचं काम देखणं आहे, खोटं कशाला बोलू? उघडं अंग म्हणून एका वेळी वीतभरच दिसू देते. पण उजवा पाय धरताना तिने तो मांडीपाशी असा घट्ट दाबला की मी ओरडलोच. चौकशीअंती कळलं की आबासाहेबांचा उजवा पाय उचलला की निखळतो.

"माझा पक्का आहे!" मी म्हणालो.

"किती बडबड करता! आबासाहेब बघा, कसे शहाण्यासारखे पडून राहतात."

हे मला झोंबलं. मी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात नोकरी घालवली. दिवसभर बोलायचो आणि कोणी ऐकायचं नाही. गाडी कुठे लागलीय ते सांगून माझा घसा बसायचा, आणि लोक खिडकीशी येऊन तेच विचारायचे. निवृत्त झाल्यावर तरी घरात कोणी ऐकेल अशी भाबडी आशा होती. म्हटलं, ठीक आहे. आबासाहेब हवेत ना? घे आबासाहेब.

त्या क्षणापासून मी तोंडाला कुलूप लावलं. पाणी गार असलं तरी गप्प. उशी मानेत रुतली तरी गप्प. बायकोच्या लक्षात येईल, ती घाबरेल, विनवण्या करेल, असा माझा हिशेब होता. पण तिचा चेहरा खुलत गेला. लेकीला फोनवर सांगताना मी ऐकलं, "इतके छान रुळलेत! एक तक्रार नाही बघ." मी आतल्या आत धुमसत राहिलो.

मग तो पावडरच्या झाकणाचा दिवस आला. आंघोळ झाली, पाठीला पावडर लागली, खालची चादर बदलून झाली. बायकोने मला डाव्या कुशीवर ठेवून पाठीशी उशी दिली आणि घरभर डब्याचं झाकण शोधायला लागली. पलंगाखाली वाकली, बादलीत हात घातला, कपाटामागे झाडू फिरवला. इकडे उशी घसरली आणि मी हळूहळू उताणा झालो. आबासाहेब घसरत नाहीत, मी घसरतो. झाकण कुठे आहे ते मला त्या क्षणी कळलं, कारण ते थेट माकडहाडाखाली आलं.

"काय बाई तरी! झाकणाला पाय फुटतात का?" ती म्हणाली.

मी छताकडे बघत राहिलो. मनात म्हटलं, विचार की मला. एकदा विचार.

तिने विचारलं नाही. दमून खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. रात्रंदिवस उठून मला वळवत होती, किती दिवस तग धरणार? झाकण टोचत होतं, मग आग व्हायला लागली. हाक मारावीशी वाटली, पण तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि चष्मा नाकावर घसरला होता. आधी रागाने गप्प होतो, आता दयेने गप्प झालो. थोड्या वेळाने तिथे काही जाणवेनासं झालं. मी म्हटलं, चला, बरं झालं.

ती जागी झाली तेव्हा बाहेर अंधारत होतं. घाईने येऊन तिने मला वळवलं. झाकण कातडीला चिकटलं होतं. तिने ते अलगद काढलं, तिथे बोट दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं.

"दाबल्यावर लाली पांढरी व्हायला हवी," ती हळूच म्हणाली. "होत नाहीये."

एरवी पेशंटच्या पलंगावर टेकलेली मुलगी दिसली की ही तिला वर्गाबाहेर काढते. आज स्वतःच मटकन बसली.

"बोलला का नाहीत?"

"आबासाहेब बोलतात का?"

तिचे डोळे भरून आले. "पेशंटला विचारा, हे मी मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते हो. मीही रोज विचारते त्या पुतळ्याला, पाणी ठीक आहे का, वळवू का. उत्तर येत नाही, आपण पुढे जायचं. वाट बघायची सवयच गेली माझी."

मला स्वतःची लाज वाटली. माझ्या रुसव्यापायी मी तिची आयुष्यभराची इभ्रत माकडहाडाखाली घेऊन पडलो होतो. आणि उद्या लेक मला बघायला येणार होती.

लेक आली. मी ठरवलं होतं, जीव गेला तरी सांगायचं नाही.

"बाबा, काही त्रास?"

"छे! मजेत."

"खोटं बोलताहेत," बायको म्हणाली. तिने मला वळवून डाग दाखवला. "कातडी फाटलेली नाही. पण सुरुवात आहे आणि चूक माझी आहे. तू न्यायचं म्हणाली होतीस. ने, मी अडवणार नाही. फक्त एक कर, आधी ह्यांना विचार."

लेकीने वाकून डाग नीट बघितला. मग माझ्या तोंडासमोर येऊन उकिडवी बसली. "बाबा, खरं सांगा."

मग मात्र धरण फुटलं. गार पाणी, मानेतली उशी, दाबलेली मांडी, नाकात गेलेली पावडर, सगळं सांगितलं. स्टूलसुद्धा सांगितलं. बायको मान खाली घालून ऐकत होती. फक्त स्टुलाच्या वेळी "शिडी घ्या म्हणाले होते मी," एवढं पुटपुटली.

"आणि तरी मला इथेच राहायचंय," मी म्हणालो. "हिच्याजवळ. हिच्याशिवाय मला करमायचं नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा बोललो, तेही तिच्याकडे पाठ करून. बायकोने पदराने चष्मा पुसायला घेतला आणि किती तरी वेळ पुसत राहिली.

लेक उठली. मला वाटलं, आता सामान भरणार. ती मोरीत गेली आणि कोपरापर्यंत हात धुऊन आली.

"रजा टाकते," ती म्हणाली. "एकटीला नाही जमायचं हे, आई. पाळीपाळीने करू. डाग वाढला तर मात्र मी ऐकणार नाही, दोघांचंही. चल, कसं वळवायचं ते दाखव."

बायकोने एक हात माझ्या खांद्याला लावला, लेकीचा हात कमरेला ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे वाकून बघितलं. "वळवू का?"

मी काही बोललो नाही. त्या थांबून राहिल्या.

"थांबा जरा," मी म्हणालो. खरं तर काहीही होत नव्हतं. पण दोघींचे हात जिथल्या तिथे थांबले, आणि दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"हं," मी म्हणालो. "आता वळवा."