आधी बोटांना विचार

“मेला गुडघा मुद्दाम कडक बनवलाय,” बाई स्वतःशीच पुटपुटल्या आणि प्राण्यांच्या डॉक्टरांच्या त्या कार्यशाळेत प्लॅस्टिकच्या कुत्र्याचा पाय त्यांनी पुन्हा हातात घेतला. एका हातानं मांडी पकडायची, दुसऱ्यानं नडगी पुढे ढकलायची. सरकली, तर आतलं लिगामेंट तुटलेलं.

“धड आहे,” त्या म्हणाल्या.

तुटलेलं होतं. सलग तिसऱ्यांदा चुकलं होतं. प्रशिक्षक त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान; त्यानं घाईघाईनं पाय बदलला. “मॅडम, हे मॉडेल जुनं झालंय.” शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर एकदम आपापल्या ड्रिलमध्ये दंग झाले.

एवढं सौजन्य बाईंना झेपेना. कुणी हसलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

जोडीला त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती. कॉलेजात अखंड चिवचिवायची, म्हणून बाईंनीच तिचं नाव चिमणी पाडलेलं. आज सकाळपासून चिमणीची चोच बंद होती. “बाई, तुम्ही नुसतं धरा, भोकं मी पाडते,” एवढंच म्हणून स्क्रू बसवायची हाडातली सगळी भोकं तिनंच पाडली होती.

सोमवारी बाईंच्या दवाखान्यात खरीखुरी कुत्री येणार होती, तीन पायांवर लंगडत. तिच्या म्हाताऱ्या मालकाला त्यांनी शब्द दिला होता, “शिकून येते आणि ऑपरेशन मीच करते.”

चहाच्या सुट्टीत सगळे खिडकीशी जमले. कागदी पेले इतके तापले होते की जो तो काठाला धरून हात बदलत होता. बाईंनी पेला मुठीत धरला होता. इतरांकडे नजर गेली तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पेला खाली ठेवला, बोटांवर फुंकर घातली, वर “आई गं, काय चटका!” असंही म्हणून घेतलं.

चिमणीनं त्यांचा हात हातात घेऊन उलटा केला. बोटं लालबुंद झाली होती.

“एक्स-रे नंतर, आधी बोटांना विचार, असं तुम्हीच शिकवायचात.”

“बरं, मग?”

“बाई, तुमच्या बोटांना काही कळत नाहीये.”

बाईंनी हात सोडवून घेतला नाही.

“सहा महिने झाले,” त्या म्हणाल्या. “घरी आहे कोण विचारायला?” मग, “सोमवारी येशील? गुणाची आहे गं ती कुत्री. भोकं तू पाड. मी धरते.”