पेट्यांच्या आड

मी बोलतोय तो वरून, दहावीच्या मुलींच्या खोलीतल्या तुळईवरून. वायफायचा पांढरा डबा मी, अंगावर एक हिरवा दिवा. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना लागणाऱ्या एका आश्रमशाळेत आम्ही तिघे भाऊ दिवाळीच्या सुट्टीत आलो. खोल्या नऊ आणि आम्ही तीन, म्हणजे ओढाताण ठरलेलीच.

मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, मी त्यांच्या खुर्चीच्या वर हवा होतो. गणिताच्या ममता मॅडम मात्र अडून बसल्या. शाळेत दोन वर्षं विज्ञानाला शिक्षक नव्हता. आता दहावीच्या मुलींचा विज्ञानाचा तास इंटरनेटने, दूरच्या सरांकडून पडद्यावरून व्हायचा होता, आणि मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा.

"सर, ज्या खोलीला सगळ्यात कमी सिग्नल मिळेल, तिचं आधी बघायचं," मॅडम म्हणाल्या. बाई जामसर गावच्या. शेवटच्या भातखाचरापर्यंत पाणी पोचलं की नाही हे बघायची सवय त्यांना घरूनच.

त्यांनी मोबाईल हातात धरून सगळी शाळा पालथी घातली. कुठून कुठे किती पोचतं ते वहीत मांडलं. खोल्यांबाहेरच्या नऊ जागांतून तीन निवडायच्या तर चौऱ्याऐंशी प्रकार होतात. ते सगळे कॉम्प्युटरवर तपासून माझी जागा ठरली, दहावीच्या खोलीबाहेर ओट्यावरच्या खांबावर.

सुट्टी संपली, पोरी आल्या आणि माझी फजिती सुरू झाली. पडद्यावरचे सर बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थांबायचे. पहिल्यांदा पोरी हसल्या. मग हसणंही थांबलं. आठवडाभर एक धडा पुढे सरकला नाही.

"डबाच बिघडलेला आलाय. परत धाडू," कारकून हेमंत म्हणाले. मला फार वाईट वाटलं. माझा दिवा तर नीट जळत होता हो!

शनिवारी, ढेकूण झाले म्हणून, पोरींनी पेट्या उन्हात काढल्या. इथे दिवसाचा वर्ग तोच रात्रीची झोपायची खोली. प्रत्येकीची एक पत्र्याची पेटी. कपडे, वह्या, आरसा, सगळा संसार तिच्यात. अशा एकतीस पेट्या माझ्या बाजूच्या भिंतीला खिडकी झाकेपर्यंत रचलेल्या असायच्या. त्या हलल्या, आणि पडद्यावरचे सर घडाघडा बोलू लागले.

दाभोशाची वेणू धावतच मॅडमकडे गेली. "मॅडम, डबा बिघडला नाय! आमच्या पत्र्याच्या पेट्याच आडव्या येतात."

मॅडमनी कपाळाला हात लावला. दिवाळीत, मोजणीच्या वेळी, पोरी पेट्या घेऊन घरी गेल्या होत्या. "हिशेबात भिंती धरल्या मी, तुम्हाला धरायचं राहिलं गं."

"पेट्या ओट्यावर ठेवू," हेमंत म्हणाले.

"नको सर. पेटी डोळ्यापुढं नसली तर झोप नाय लागत," वेणू म्हणाली.

मग मॅडमनी पेट्यांसकट, पोरींसकट पुन्हा मोजलं. खोल्यांच्या आतल्या तीन जागा वाढवल्या, तसे दोनशे वीस प्रकार झाले. तो आकडा पोरींनीच फळ्यावर काढला. उत्तर आलं, याला आत टांगा, पेट्यांच्या वर. यात कार्यालयाच्या वाट्याला फारसं काही उरलं नाही. मोठे सर दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओट्यावर आणून मोबाईल बघत बसले. पुढे पुढे तर विज्ञानाचा तासही कान देऊन ऐकू लागले.

फेब्रुवारीत सगळे धडे संपले. मार्चमध्ये परीक्षा झाली. काल वेणू पेटी डोक्यावर घेऊन जीपकडे निघाली. दारात थांबून वर बघत म्हणाली, "येते रे." डब्याला कोणी असं म्हणतं का? मला भरून आलं.

आज खोली रिकामी आहे. आडवं यायला काही नाही, कोपऱ्याकोपऱ्यात मी नीट पोचतो, आणि तिथे कोणी नाही. नव्या दहावीच्या पोरींनो, जूनमध्ये लवकर या. पेट्या घेऊनच या, आणि खुशाल खिडकी झाकेपर्यंत रचा.