अजून काही शंका?

"अजून काही शंका?" डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढलेलं चित्र पुढे सरकवलं.

कात्रीमास्तरांनी नकारार्थी मान हलवली. सलूनमध्ये ज्यांची कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची, त्यांच्या तोंडाला आज कुलूप होतं. शंका एकच होती, पण ती घशाशी येऊन मागे फिरत होती. प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू झाल्या आणि रात्री बायकोजवळ ऐन शेवटच्या क्षणी बाहेर काही येईनासं झालं. तेव्हापासून मास्तर पाठदुखीचं कारण सांगून भिंतीकडे तोंड करून झोपत होते. आता लघवी पुन्हा अडू लागली, म्हणून ऑपरेशन ठरत होतं.

"मला आहे शंका," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "ऑपरेशननंतर नवरा-बायकोच्या संबंधांचं काय?"

मास्तर स्वतःच्या चपलांकडे पाहू लागले.

"वीर्य बहुधा बाहेर येणार नाही. उलटं मूत्राशयात जाईल आणि लघवीवाटे निघून जाईल. त्याने अपाय काही नाही. ताठरता आणि सुख बहुतेकांचं टिकतं. हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. या गोळ्यांनीही काहींना कोरडं होतं. तुम्हाला झालं का?"

"झालं," मास्तर पुटपुटले. "मला वाटलं, दुकानच बंद झालं."

"दुकान चालू आहे हो," डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या.

बायको हसली नाही. बाहेर आल्यावर ती जिन्यापाशी थांबली.

"म्हणजे पाठ दुखत नव्हतीच?"

"नव्हती."

"आणि मला वाटत होतं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

गल्लीतल्या प्रत्येक डोक्यात काय शिजतंय ते मास्तरांना ठाऊक असे; शेजारच्या उशीवरचं डोकंच तेवढं राहून गेलं होतं.

"अगं, तुझा कंटाळा?" मास्तर म्हणाले. त्यांनी तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. तिने ती दिली, पण त्यांचा हात सोडला नाही.

खाली काउंटरवरच्या बाई ऑपरेशनसाठी तारखा बघत होत्या. "डॉक्टर म्हणाल्यात, घाई नाही. पण नंतर महिनाभर जड उचलायचं नाही, संबंधही नाहीत. येत्या सोमवारी करायचं?"

"त्याच्या पुढच्या सोमवारी," बायको म्हणाली.

"का गं? या सोमवारी काय अडचण आहे?"

"अडचण काही नाही," ती त्यांची कॉलर सरळ करत म्हणाली.

मास्तरांना उमगायला क्षणभर लागला. मग कानापर्यंत लाल होत ते काउंटरवर वाकले.

"बाई, त्याच्याही पुढचा सोमवार मोकळा आहे का?"