शिडी कार्यरत आहे

मित्रांनो, मी अग्निशमन दलाचा एक जुना वार्षिक अहवाल आहे. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर लालभडक गाडी, पहिल्याच पानावर साहेबांचा हसरा फोटो. असे रूप लाभलेल्याने खरे तर खुशीत असावे. मी मात्र कायम धास्तावलेला असतो.

माझा जन्म आमच्या घराण्याच्या रीतीने झाला. संगणकावर गेल्या वर्षीचा अहवाल उघडायचा, साल बदलायचे, साहेब बदलले असतील तर फोटो बदलायचा आणि बाकीचे तसेच ठेवायचे. त्यामुळे ‘उंच शिडी कार्यरत आहे’ हे वाक्य मला वडिलांकडून आले. त्यांना ते आजोबांकडून मिळाले होते. ते लिहिताना शिडीकडे मात्र कोणी फिरकले नव्हते.

माझे कौतुकही झाले. सुबक छपाईबद्दल वरच्या कार्यालयाने मला ढाल दिली. पुढे दलाने नवी शिडी मागितली, तेव्हा त्याच कार्यालयाने माझे पान उघडून उत्तर पाठवले : शिडी कार्यरत असल्याचे आपणच कळवले आहे, सबब मागणी नामंजूर. त्या दिवशी माझी शिवण पहिल्यांदा थरथरली.

मग नव्या अहवालाचा नमुना म्हणून मी अहवाल लिहिणाऱ्या बाईंच्या टेबलावर आलो. त्यांचा धाकटा भाऊ याच दलात जवान आहे. एका दुपारी तो डबा खायला आला आणि सहज मला चाळू लागला.

“ताई, ही शिडी कुठे आहे गं? माझी तिकडे बदली कर ना.”

“म्हणजे?”

“आपली तर तिसऱ्या टप्प्यावर अडकते. सरावाला असा हिसका दिला तिने! मी टोकाला होतो. वर जाईना, खाली येईना. पक्ष्यांनासुद्धा दया आली असेल.”

बाई हसल्या नाहीत. “आणि खरी आग असती तर?”

“तर काय, चढलोच असतो.” त्याने डब्याचे झाकण लावले. “आईला बोलू नकोस.”

तो गेल्यावर बाईंचा हात कितीतरी वेळ माझ्या पानावर होता.

नव्या अहवालात बाईंनी प्रत्येक विधानापुढे एक रकाना आखला : ‘प्रत्यक्ष कोणी पाहिले?’ साहेबांनी तो पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“हे काय नवीन खूळ, बाई? गेल्या वर्षी काय लिहिलं होतं?”

“कार्यरत.”

“मग? गेल्या वर्षी चालत होती ना?”

“गेल्या वर्षी आपण आदल्या वर्षीचं उतरवलं होतं, साहेब.”

“आणि आदल्या वर्षी?”

बाईंनी पेन पुढे केले. “आपण म्हणत असाल तर ‘कार्यरत’ ठेवते. फक्त इथे सही करा.”

“मी कशाला? मी काय शिडीवर चढतो?”

“माझा भाऊ चढतो, साहेब.”

पेन कागदाच्या जरा वरच थांबले. साहेबांनी मला काखोटीला मारले, ते दलाच्या अंगणात आले आणि शिडी चढवून दाखवायचा हुकूम दिला. पुराव्यासाठी बहुधा मीच हवा होतो.

शिडी सरसर वर गेली. टोकाला बाईंचा भाऊ. साहेबांचा चेहरा उजळू लागला. एवढ्यात वरून कर्कश आवाज आला आणि सबंध शिडी लचकली. भाऊ एका हाताने लोंबकळला.

“मिटवा ती! खाली आणा त्याला!” साहेब ओरडले.

“मिटत नाही, साहेब,” शिडीच्या गाडीचा चालक म्हणाला. “तेच तर सांगतोय.”

भाऊ चाचपडत, एकेक पायरी उतरत खाली आला. त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत साहेबांच्या घामाने माझे मुखपृष्ठ भिजले होते. त्यांनी तिथेच, गाडीच्या बॉनेटवर बाईंच्या हातातला नव्या अहवालाचा कागद टेकवून, ‘कार्यरत आहे’ खोडले. ‘अडकते, मिटत नाही, वापरू नये’ असे लिहिले आणि पुढच्या रकान्यात सही केली. अक्षर वेडेवाकडे होते. छापताना बाईंनी ते तसेच ठेवले.

नव्या अहवालाला ढाल मिळाली नाही. नवी शिडी मंजूर झाली, असे म्हणतात. अजून आलेली नाही.

पण मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. माझ्या प्रती गावभर वाटल्या आहेत. ग्रंथालयात आहेत, दवाखान्याच्या बाकांवर आहेत. एखाद्या उंच इमारतीचा व्यवस्थापक या क्षणी मला वाचत असेल आणि म्हणत असेल, “मागचा जिना बंद आहे तर असू दे, त्यांची शिडी आहे की!”

इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. माझी विनवणी उलटी आहे. मी कुठे सापडलो तर फोटो पाहून मला मिटू नका. शिडीचे पान उघडा, वाक्यापुढे पेन्सिलीने विचारा, ‘कोणी पाहिले?’ आणि कृपा करून आजच त्या व्यवस्थापकाला बंद जिना उघडायला सांगा.