चकती काढलेला शॉवर

वर बघा! हो, मीच बोलतोय, तुमच्या डोक्यावर लटकलेला शॉवर. खोपोलीत शिळफाट्याच्या एका बिल्डिंगमध्ये, कमलेशच्या बाथरूममध्ये माझा मुक्काम. मला माणसांचं भारी कुतूहल. साबण लावताना ही मंडळी डोळे मिटतात, पण पाणी काही बंद करत नाहीत. मग ते पाणी कुणाला घालतात?

मला आणलं कमलेशच्या बायकोनं, हर्षलानं. तिला दिवस गेले होते आणि घरातला गीझर छोटा. माझ्या गळ्यात एक रबरी चकती असते. ती पाणी कमी सोडते, मी त्यात हवा मिसळतो, म्हणून धार अंगाला भरदार लागते. तेवढ्याच गरम पाण्यात आणखी एकाची अंघोळ होते.

कमलेशला हे पटेना. "ही काय धार हाय? नुसती पिरपिर!" म्हणत त्यानं स्क्रूड्रायव्हरनं चकती उपटली. मग काय, धबाधबा! स्वारी खूश. गाणी काय, शिट्ट्या काय! माणसाला पाण्याचा आवाज एवढा का आवडतो, देव जाणे.

हर्षला बाळंत झाली. मालिशवाली चिंधीबाई रोज येऊ लागली. एका शुक्रवारी सकाळीच लाईट गेली. गीझरमध्ये होतं तेवढंच गरम पाणी. कमलेशला रसायनीच्या कारखान्यात ड्युटी. "आलोच दोन मिनिटांत," म्हणत तो माझ्याखाली उभा राहिला आणि रमला.

मग हर्षला पाटावर बसली, अंगभर तेल चोपडलेलं. चिंधीबाईनं गीझरच्या नळाखाली भरलेल्या बादलीत हात घातला आणि ओरडलीच, "अगं बाय! पानी गार हाय गं!"

हर्षला कुडकुडायला लागली. तिची सासू जनीबाई गॅसवर पातेलं चढवायला धावली. धावता धावता लेकाला म्हणाली, "ओल्या बाळंतिणीच्या वाटचं पानी अंगावर घेतलंस रं! लाज नाय वाटली?"

कमलेश बूट हातात घेऊन दारातच थिजला. मला त्याची कीव आली, हर्षलाची त्याहून जास्त. पाणी तापेपर्यंत तिचे दात वाजत होते.

संध्याकाळी कमलेशनं खिळ्यांच्या डब्यातून चकती हुडकली आणि परत बसवली. आता साबण लावताना तो मला बंदही करतो. परवा पुन्हा लाईट गेली, कमलेशची अंघोळ आधीच झाली होती, तरी हर्षलाच ओरडली, "अवो चिंधीबाई, गार मिसळा जरा, भाजतंय!" बाहेर कमलेश एकटाच हसला.

मी आहे इथंच. तुम्हाला एक विचारू? तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी अंघोळीला कोण जातं? पाणी कसं होतं, हे त्यांना आजवर कुणी विचारलंय का?